ॲमरिलिसची निगा व पुनर्बहर

ॲमरिलिस ही कंदापासून वाढणारी बहुवर्षायू शोभेची वनस्पती असून तिच्या मोठ्या, कर्ण्यासारख्या फुलांसाठी ती कुंड्यांत व बागांत लावली जाते. रोपवाटिकांत आणि बोलीत या नावाने ओळखली जाणारी वनस्पती वनस्पतिशास्त्रानुसार हिप्पिॲस्ट्रम या प्रजातीतील आहे. महाराष्ट्रातील घरोघरच्या बागांत तिला बहुधा नुसते ‘लिली’ म्हणतात. विकत आणलेला कंद पहिल्या वर्षी उत्तम फुलतो आणि पुढील वर्षी मात्र केवळ पाने देतो, असा अनुभव अनेकांना येतो. असा कंद ‘संपला’ असे समजून पुष्कळदा टाकून दिला जातो. वस्तुतः योग्य निगा राखल्यास एकच कंद अनेक वर्षे, कित्येकदा दशकानुदशके, फुलत राहतो. त्यासाठी फुले असतानाच्या काळजीपेक्षा फुले गेल्यानंतरच्या महिन्यांतील काळजी अधिक निर्णायक ठरते. कारण पुढील वर्षाची कळी त्याच महिन्यांत, पानांनी तयार केलेल्या अन्नावर, कंदाच्या आत घडत असते.

नाव व वर्गीकरण

‘ॲमरिलिस’ हे नाव रोमन कवी व्हर्जिल याच्या गोपकाव्यांतील एका मेंढपाळ स्त्रीच्या नावावरून घेतलेले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये ‘ॲमरिलिस बेलाडोना’ या जातीचे वर्णन केले. पुढे इंग्रज धर्मोपदेशक व वनस्पतींचे अभ्यासक विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ मध्ये अमेरिका खंडातील जातींसाठी ‘हिप्पिॲस्ट्रम’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. या नावातील ग्रीक शब्दांचा अर्थ ‘घोडेस्वार’ आणि ‘तारा’ असा आहे. लिनियस यांचे नाव नेमक्या कोणत्या वनस्पतीस लागू पडते, याविषयी दीर्घकाळ वाद चालला. १९८७ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘ॲमरिलिस’ हे नाव दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतीसाठी राखण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत व्यापारात आणि बागकामात हे नाव हिप्पिॲस्ट्रमसाठी इतके रूढ झाले होते की ते आजही तसेच वापरले जाते. या लेखातही ‘ॲमरिलिस’ हा शब्द त्याच रूढ अर्थाने योजला आहे.

हिप्पिॲस्ट्रम प्रजातीत सुमारे ९० जाती असून त्या मेक्सिको व कॅरिबियन बेटांपासून अर्जेंटिनापर्यंत आढळतात. पूर्व ब्राझील तसेच पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांतील अँडीज पर्वताचा परिसर या भागांत जातींची विविधता सर्वाधिक आहे. ही प्रजाती ॲमारिलिडेसी कुलातील आहे. आधुनिक वर्गीकरणानुसार कांदा आणि लसूण यांचाही समावेश याच कुलात होतो.

पहिला ज्ञात संकर इंग्लंडमधील प्रेस्कट गावचे घड्याळजी आर्थर जॉन्सन यांनी १७९९ च्या सुमारास केला. लाल पाकळ्यांवर पांढरे पट्टे असलेला हा संकर ‘जॉन्सोनाय’ या नावाने ओळखला जातो. त्यानंतर नेदरलँड्समधील उत्पादकांनी मोठ्या फुलांचे असंख्य संकर निर्माण केले. ‘रेड लायन’ (लाल), ‘ॲपल ब्लॉसम’ (पांढऱ्यावर गुलाबी छटा) आणि ‘मिनर्व्हा’ (लाल-पांढरा) हे त्यांतील सुपरिचित वाण होत. भारतात पश्चिम बंगालमधील कालिम्पाँग हे शोभेच्या कंदांच्या, त्यातही ॲमरिलिसच्या, उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रात ‘मे फ्लॉवर’ म्हणून ओळखले जाणारे, उन्हाळ्याच्या अखेरीस लाल चेंडूसारखे फुलणारे झाड ॲमरिलिसच्याच कुलातील असले, तरी ते निराळे आहे. त्याचे शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस असून ते मूळचे आफ्रिकेतील आहे.

रचना

ॲमरिलिसचा कंद कांद्याप्रमाणे एकावर एक असलेल्या मांसल पापुद्र्यांचा बनलेला असतो. प्रत्येक पापुद्रा हा मूळच्या एका पानाचा तळाचा भाग असतो. पानाचा वरील हिरवा भाग सुकून गेला, तरी त्याचा तळ अन्नाचा साठा म्हणून कंदात टिकून राहतो. कंदाच्या बुडाशी एक कठीण चकती असते. तीतून जाड, मांसल मुळे फुटतात. ही मुळे बहुवर्षायू असल्यामुळे ती अकारण तोडली गेल्यास कंदाला पुन्हा सावरण्यास वेळ लागतो.

पाने पट्ट्यासारखी लांब असून समोरासमोरच्या दोन रांगांत येतात. फुलांचा दांडा पोकळ, पर्णहीन आणि साधारणतः ३० ते ६० सेंमी. उंच असतो. त्याच्या टोकाशी बहुधा दोन ते सहा फुले येतात. फुलाला सहा परिदले, सहा केसरदले आणि त्यांच्या खाली किंजपुट असतो. परागण झाल्यास किंजपुटाचे तीन कप्प्यांचे बोंड बनते. त्यात काळ्या, चपट्या, कागदासारख्या पातळ बिया असतात.

कंदात कळी कशी घडते

ॲमरिलिसला पुन्हा फुलविण्याची सर्व पथ्ये कंदाच्या वाढीच्या क्रमावर आधारलेली आहेत. कंदाच्या मध्यभागी असलेला वाढीचा बिंदू टप्प्याटप्प्याने काम करतो. एका टप्प्यात साधारणतः चार पाने तयार होतात आणि त्यानंतर एक फुलोरा. लगेच शेजारी नवा वाढबिंदू निर्माण होऊन पुढील टप्पा सुरू होतो. चांगल्या वाढणाऱ्या कंदात वर्षाकाठी असे दोन ते तीन टप्पे पूर्ण होतात.

फुलोऱ्याचा आरंभ झाल्यापासून तो प्रत्यक्ष कंदाबाहेर येऊन उमलेपर्यंत साधारणतः एक वर्ष किंवा त्याहून थोडा अधिक काळ जातो. म्हणजेच आज कुंडीत दिसणारे फूल हे मागील हंगामातील पानांच्या श्रमाचे फळ असते. याच कारणाने नवा कंद जवळपास कोणत्याही परिस्थितीत फुलतो. त्यातील कळ्या उत्पादकाच्या शेतातच तयार झालेल्या असतात आणि त्यांच्यासाठी लागणारे अन्नही कंदात साठलेले असते. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. पहिल्या बहरानंतर कंदाला ऊन व अन्न मिळाले नाही, तर नव्या कळ्या घडत नाहीत किंवा घडलेल्या कळ्या बाहेर येण्यापूर्वीच आतल्या आत सुकतात.

दिवस लहान आहे की मोठा, यावर कळी घडणे अवलंबून नसते. त्यामुळे ‘कंद अंधारात ठेवल्यावाचून फुलत नाही’ हा समज बरोबर नाही. अंधार हे फुलण्याचे कारण नसून, विश्रांतीच्या काळात पाने नसलेल्या कंदाला उजेडाची गरज नसते, इतकेच त्यामागील तथ्य आहे.

लागवड

कंद निवडताना तो हाताला घट्ट, जड आणि बुडाशी कोरडा असावा. मऊ पडलेला, बुरशी आलेला किंवा बुडाची चकती कुजलेला कंद घेऊ नये. व्यापारात कंद त्यांच्या घेरावरून विकले जातात. घेर जितका मोठा, तितका अन्नसाठा अधिक आणि एकाहून अधिक दांडे येण्याची शक्यताही अधिक.

कुंडी कंदापेक्षा थोडीच मोठी असावी; कंदाच्या सभोवती दोन ते पाच सेंमी. जागा पुरेशी होते. फार मोठ्या कुंडीत माती दीर्घकाळ ओली राहते आणि कंद कुजण्याचा धोका वाढतो. पसरट कुंडीपेक्षा खोल व वजनदार कुंडी सोयीची असते, कारण फुलांच्या भाराने हलकी कुंडी कलंडते. कुंडीच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्र असणे अत्यावश्यक आहे.

पाण्याचा निचरा होणारी कोणतीही सकस माती चालते. बागेतील माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडसर वाळू यांचे समप्रमाणातील मिश्रण उपयुक्त ठरते. काळी चिकण माती एकटी वापरू नये. कंद लावताना त्याचा वरचा एक तृतीयांश ते अर्धा भाग मातीच्या वर राहील, असे पाहावे. कंद पूर्ण पुरल्यास मानेशी पाणी साचून तो कुजू शकतो.

लागवडीनंतर एकदा भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर दांडा किंवा पान दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे. या टप्प्यावर मुळे पुरेशी फुटलेली नसतात, म्हणून अतिरिक्त पाणी हेच कंद दगावण्याचे नेहमीचे कारण असते. पाणी कंदाच्या डोक्यावर न ओतता कुंडीच्या कडेने द्यावे.

बहराच्या काळातील निगा

कंदातून प्रथम जाड, टोकाशी निमुळती कळी बाहेर आली, तर तो फुलांचा दांडा होय. पान आरंभापासूनच चपटे दिसते. दांडा उजेडाच्या दिशेने झुकतो, म्हणून कुंडी अधूनमधून फिरवावी आणि गरज पडल्यास काठीचा आधार द्यावा. आधाराची काठी कंदात न घुसवता कुंडीच्या कडेला रोवावी.

फुले उमलू लागल्यावर कुंडी कडक उन्हातून काढून उजेडाच्या परंतु थंड जागी ठेवल्यास फुले अधिक दिवस टिकतात. परागकोश फुटण्यापूर्वी चिमटीने काढून टाकल्यास पाकळ्यांवर परागांचे डाग पडत नाहीत व परागणही टळते. फुलदाणीसाठी दांडा कापल्यास तो पोकळ असल्यामुळे खालच्या टोकाशी चिरून बाहेर वळतो. तसे होऊ नये म्हणून तेथे दोरा किंवा रबर बांधण्याची पद्धत आहे. कापताना पाने मात्र कापू नयेत.

फुले गेल्यानंतरची निगा

पुढील वर्षीचा बहर याच काळात निश्चित होतो. या काळातील कामे पुढीलप्रमाणे आहेत.

सुकलेली फुले त्यांच्या देठामागील फुगीर किंजपुटासह खुडावीत. बोंड धरू दिल्यास कंदाचे अन्न बियांकडे वळते.

हिरवा दांडा लगेच कापू नये. तोही पानांप्रमाणे अन्न तयार करतो. तो पिवळा पडून लोळू लागला की कंदापासून तीन ते पाच सेंमी. वर कापावा.

पाने कोणत्याही कारणाने कापू, बांधू किंवा दुमडू नयेत. फुले गेल्यानंतर नुसती पाने शोभत नाहीत, म्हणून ती छाटणे ही या वनस्पतीच्या बाबतीत सर्वांत घातक चूक ठरते. प्रत्येक निरोगी पान म्हणजे कंदाच्या साठ्यात पडणारी भर असते.

कुंडी भरपूर उजेडाच्या जागी ठेवावी. महाराष्ट्रातील हवामानात सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे रखरखीत ऊन टळेल, अशी जागा योग्य असते. घरात राहिलेली कुंडी एकदम कडक उन्हात नेल्यास पाने भाजतात. म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू ऊन वाढवावे.

वरची माती कोरडी वाटली की पाणी द्यावे. कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये.

पानांच्या वाढीच्या काळात दोन ते चार आठवड्यांनी खत द्यावे. नत्र अधिक असलेल्या खताने पाने जोमदार होतात, परंतु फुले कमी येतात. म्हणून स्फुरद व पालाश पुरेसे असलेले खत निवडावे. शेणखत किंवा गांडूळखताबरोबर हाडांचा चुरा आणि निंबोळी पेंड यांचा वापर करता येतो. कोरड्या मातीत रासायनिक खत देऊ नये; आधी पाणी द्यावे आणि मग खत.

बहराच्या वेळी कंद आकसतो, हे स्वाभाविक आहे. हंगामाच्या शेवटी तो पुन्हा भरून घट्ट झाला आणि मधल्या काळात चार वा अधिक निरोगी पाने टिकून राहिली, तर पुढील वर्षी फूल येण्याची शक्यता चांगली असते.

विश्रांतीचा काळ

ॲमरिलिसच्या अनेक संकरांना विश्रांती जीवनावश्यक नसते. काही प्रकार वर्षभर हिरवे राहूनही फुलतात. परंतु काही आठवडे थंड व कोरड्या अवस्थेत गेल्यास कंदातील तयार कळ्यांचे दांडे एकाच सुमारास वर येतात आणि बहर ठरावीक काळात मिळतो. विश्रांतीने कळी निर्माण होत नाही; आधी घडलेल्या कळीला बाहेर येण्याची चालना मिळते. म्हणूनच वाढीच्या काळात उपाशी राहिलेल्या कंदाला कितीही विश्रांती दिली, तरी तो फुलत नाही.

महाराष्ट्रात व गोव्यात ही विश्रांती ऋतुचक्रातच सामावलेली आहे. पावसाळ्यात पानांची वाढ जोमाने होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून खत बंद करावे आणि पाणी क्रमाक्रमाने कमी करावे. डिसेंबर व जानेवारीत कुंडी जवळजवळ कोरडी ठेवावी. पुणे, नाशिक यांसारख्या घाटमाथ्यापलीकडील शहरांत हिवाळ्यातील रात्री पुरेशा थंड असल्याने पाने पिवळी पडून गळतात. कोकण, मुंबई आणि गोवा येथे थंडी सौम्य असल्याने पाने कित्येकदा हिरवीच राहतात. अशा वेळी ती मुद्दाम कापू नयेत. पाणी तोडले तरी पुरते. सुकलेली पाने हलक्या हाताने ओढून काढावीत. बागेत जमिनीत लावलेल्या कंदांना हिवाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी करणे एवढेच पुरेसे असते. ते उकरून काढण्याची गरज नसते.

फेब्रुवारीत हवा तापू लागली की वरची थोडी माती काढून तेथे नवे खत-माती मिश्रण भरावे, एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कुंडी उजेडात आणावी. त्यानंतर साधारणतः मार्च ते मे या काळात दांडे वर येतात.

युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत, जेथे ॲमरिलिस नाताळच्या सुमारास घरात फुलविली जाते, तेथे क्रम वेगळा असतो. कुंडी उन्हाळाभर बाहेर उन्हात ठेवतात. नाताळात फुले हवी असल्यास ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाणी तोडतात आणि धुके गोठण्यापूर्वी कुंडी आत आणतात. सुमारे १३° से. तापमानाच्या कोरड्या जागी आठ ते दहा आठवडे ठेवल्यानंतर ती २१° से. च्या आसपास उबदार जागी आणून पाणी देतात. तेथून साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुले येतात. गोठणबिंदूखालील थंडी कंदाला सहन होत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हाच क्रम उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील वेळापत्रक तेथे लागू पडत नाही. सफरचंदासारख्या पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. त्याने कळीला इजा होण्याचा संभव असल्यामुळे कंद अशा फळांजवळ साठवू नयेत.

अलीकडे मेणाचा रंगीत थर दिलेले कंदही विकले जातात. ते माती-पाण्यावाचून, केवळ साठवलेल्या अन्नावर एकदा फुलतात. अनेकदा अशा कंदांची मुळे व बुडाचा काही भाग कापलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा फुलण्याची आशा फारच थोडी असते. दरवर्षी फुलणारे झाड हवे असल्यास असे कंद घेऊ नयेत.

कुंडी बदलणे

ॲमरिलिस किंचित अडचणीत, म्हणजे कुंडीत मुळे दाटलेली असताना, चांगली फुलते. म्हणून दरवर्षी कुंडी बदलू नये; तीन-चार वर्षांनी, विश्रांती संपताना ती बदलावी. मुळांभोवतीची जुनी माती हलकेच झाडावी, कुजलेली मुळे तेवढी काढावीत आणि कंद पूर्वीइतकाच वर ठेवून लावावा.

न फुलण्याची कारणे

निरोगी दिसणारा कंद फुलत नसेल, तर बहुधा पुढीलपैकी एखादे कारण असते.

१. मागील हंगामात पाने कापली गेली किंवा किडीने खाल्ली.

२. कुंडी सावलीत राहिली. पाने लांब, फिकट हिरवी व लोळणारी असणे ही उजेड अपुरा असल्याची खूण होय.

३. नत्राचा मारा अधिक झाला. अशा वेळी पाने गर्द हिरवी व भरपूर, परंतु फुलांचा अभाव, असे चित्र दिसते.

४. कंद लहान आहे. बाजूला फुटलेल्या पिल्लांना फुलण्याजोगा आकार येण्यास दोन-तीन वर्षे लागतात.

५. एकाच कुंडीत पिल्लांची फार गर्दी झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी आले.

६. कंद नुकताच उकरून हलविला गेला आणि मुळे दुखावली.

७. वर्षभर सारखेच पाणी दिल्याने कंदाला चालना देणारा कोरडा काळ मिळाला नाही.

८. कंदाला विषाणुरोग किंवा बुडाची कूज झाली आहे.

पहिल्या पाच कारणांचे मूळ एकच आहे: कंदात पुरेसे अन्न साठले नाही. अशा कंदाला एक पूर्ण हंगाम ऊन, खत आणि अबाधित पाने मिळाली, की तो बहुधा पूर्वपदावर येतो. त्यामुळे एका वर्षीच्या अनुभवावरून कंद टाकून देणे योग्य नव्हे.

अभिवृद्धी

पिल्ले: मातृकंदाच्या कडेला लहान कंद फुटतात. त्यांना स्वतःची मुळे फुटल्यावर, कुंडी बदलताना ते हाताने वेगळे करून लावतात. या पद्धतीत मूळ वाणाचे गुण जसेच्या तसे टिकतात.

बिया: पिकलेले बोंड फुटू लागताच बिया काढून लगेच पेराव्यात, कारण त्यांची उगवणक्षमता लवकर घटते. बियांपासून फुले येण्यास साधारणतः तीन ते पाच वर्षे लागतात. संकरित वाणांच्या बियांपासून आलेली झाडे मूळ झाडासारखीच फुले देतील असे नसते. नवे वाण मात्र याच मार्गाने निर्माण होतात.

कंदाचे छेद: उत्पादक मोठ्या कंदाच्या उभ्या फाका करून प्रत्येक तुकड्यात दोन पापुद्रे आणि बुडाच्या चकतीचा अंश राहील असे भाग पाडतात. बुरशीनाशक लावून ते ओलसर माध्यमात ठेवले असता पापुद्र्यांच्या बेचक्यात सूक्ष्म कंद तयार होतात. चकतीचा अंश नसलेल्या तुकड्यापासून नवा कंद होत नाही.

रोग व कीड

तांबडे चट्टे: ‘स्टॅगोनोस्पोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुरशीमुळे पाने, दांडे व कंद यांवर तांबडे चट्टे पडतात आणि दांडा वाकडा होतो. रोगट भाग काढून नष्ट करणे, पाने व कंदाचा वरचा भाग कोरडा ठेवणे, हवा खेळती राखणे आणि आवश्यकतेनुसार बुरशीनाशक वापरणे हे त्यावरील उपाय होत. काही वाणांच्या कंदांवर नैसर्गिक लालसर छटा असते. ती रोगाची खूण नव्हे.

मोझॅइक विषाणू: पानांवर फिकट व गडद हिरव्या रंगांचे अनियमित पट्टे दिसतात आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. मावा या किडीमुळे तसेच न धुतलेल्या सुरी-कात्रीमुळे त्याचा प्रसार होतो. यावर इलाज नसल्याने रोगट झाड नष्ट करावे. एका झाडावर वापरलेले हत्यार दुसऱ्यावर वापरण्यापूर्वी निर्जंतुक करावे.

पाने खाणाऱ्या अळ्या: भारतात, विशेषतः पावसाळ्यात, ब्रिथिस क्रिनी या पतंगाच्या अळ्या लिलीवर्गीय झाडांवर येतात. काळसर अंगावर फिकट ठिपके असलेल्या या अळ्या थव्याने राहून थोड्या दिवसांत पाने फस्त करतात. काही कंदाच्या मानेत शिरतात. पानांवरील अंड्यांचे पुंजके आणि कोवळ्या अळ्या रोज पाहून वेचून नष्ट करणे हा घरगुती बागेतील खात्रीचा उपाय आहे. पाने वाचली, तर पुढील बहर वाचतो.

यांखेरीज पिठ्या ढेकूण, फुलकिडे आणि पावसाळ्यातील गोगलगाई यांचाही उपद्रव होतो. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत आणि कंदाच्या सुक्या सालीखाली दडतात, म्हणून विश्रांतीच्या काळात सुटी झालेली साल काढून तपासणी करावी.

विषारीपणा

ॲमरिलिसच्या सर्व भागांत, आणि कंदात सर्वाधिक, लायकोरिन हे अल्कलॉइड असते. ते पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, लाळ गळणे, पोटदुखी व जुलाब ही लक्षणे उद्भवतात. कुत्री व मांजरे यांनाही त्याची बाधा होते. कंद दिसायला कांद्यासारखा असल्याने तो स्वयंपाकघरात किंवा कांदे-बटाट्यांच्या टोपलीशेजारी कधीही ठेवू नये. साठवलेल्या कंदावर नावाची चिठ्ठी बांधावी आणि तो लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. काहींच्या त्वचेला रसाने खाज सुटते, म्हणून कंद हाताळल्यावर हात धुवावेत. कंद खाण्यात आल्याची शंका असल्यास लक्षणांची वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी आणि कंदाचा उरलेला भाग डॉक्टरांना दाखवावा.

महाराष्ट्रातील वार्षिक क्रम

फेब्रुवारी: वरची माती बदलणे, पहिले पाणी, कुंडी उजेडात आणणे, गरज असल्यास कुंडी बदलणे.

मार्च ते मे: दांडे व फुले; बेताचे पाणी, दुपारच्या उन्हापासून संरक्षण. सुकलेली फुले खुडणे.

जून ते सप्टेंबर: पानांची वाढ, नियमित खत, निचऱ्याकडे लक्ष, अळ्या व गोगलगाईंची रोज पाहणी. संततधारेत कुंडी पागोळीखालून बाजूला घेणे.

ऑक्टोबर: पाऊस सरल्यावर मिळणाऱ्या उन्हाचा पुरेपूर लाभ; महिन्याच्या मध्याच्या सुमारास शेवटचे खत.

नोव्हेंबर: पाणी क्रमाक्रमाने कमी करणे.

डिसेंबर व जानेवारी: कोरडी विश्रांती, कंद घट्ट आहे की नाही याची अधूनमधून तपासणी.

या क्रमात फुलांचे दिवस मोजके असतात आणि पानांचे महिने सर्वाधिक. पावसाळ्यातील हिरव्या पानांची राखण झाली, तर पुढील उन्हाळ्यात त्याच कंदातून पुन्हा दांडा वर येतो.